ऑप्शनला टाकलेली जत्रा

गेल्या मार्चात दहावीचा हिंदीचा पेपर देऊन आमचा भाचा घरी आला. चप्पल एक इकडे, एक तिकडे. पॅड कॉटवर भिरकावलं आणि माठाशी उभा राहून तीन तांबे पाणी प्याला. नांदेडात मार्चच्या दुपारी अडीचला उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग पेपर. पण मामाला कुठला दम निघतो?

"निबंध कोणता लिहिलास?"

"नदीचा. मैं नदी बोल रही हूँ."

"आणखी कोणते होते?"

"एक ते मोबाइलचं कायतरी होतं. अन् एक मेळ्याचा. मेले में दो घंटे."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हे पोरगं दीड वर्षाचं होतं तेव्हापासून माझ्या खांद्यावर बसून माळेगावची यात्रा करतंय. माळेगाव म्हणजे आमच्या लोहा तालुक्यातलं, नांदेड-लातूर रस्त्यावरचं खंडोबाचं माळेगाव. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, जे जे चार पायांवर उभं राहतं त्या सगळ्यांचा तिथे बाजार भरतो. कुस्त्यांचा फड, शंकरपट, लावणी महोत्सव, सगळं एका माळावर. पालखी निघाली की बेलभंडारा असा उधळतात की शेजारचा माणूस आपला की परका ते कळत नाही, सगळेच पिवळे. या पोराला घोड्याचे दात बघून वय सांगता येतं. निदान तो सांगतो आणि घोडेवाला नाही म्हणत नाही. गाढवाचा सौदा करताना दोघं माणसं उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव कसा ठरवतात, याची नक्कल तो घरात बहिणीच्या ओढणीखाली करून दाखवतो. दोन तास कशाला, तीन दिवस मेळ्यात काढलेला माणूस.

"कामून बे? मेळा सोडून नदी कामून घेतलीस?"

त्याने माझ्याकडे फार कीव करून बघितलं.

"मेळ्याचा पाठ नव्हता, मामा."

मी गप्प झालो. थोड्या वेळाने, जेवताना, सहज म्हणून विचारलं, की बाबा, नदीने काय सांगितलं मग? त्याने घास गिळून धडाधडा म्हणूनच दाखवलं. नदीचा जन्म हिमालय की गोद में झालेला होता. बर्फाच्या शिखरांवरून ती हसत-खेळत उतरली, मैदानात आली, आणि शेवटी पोराने स्वतःच्या बुद्धीने एक भर घातली होती: "आज मैं नांदेड से बहती हूँ." म्हणजे हिमालयातून निघालेलं पाणी सातपुडा ओलांडून, नगिना घाटाला वळसा घालून, गुरुद्वाऱ्याला नमस्कार करून पुढे तेलंगणात. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, हे त्याला पक्कं येतं. पण ते भूगोलात. भूगोलाचा पेपर वेगळ्या दिवशी असतो.

ज्यांच्या घरात सध्या दहावीचं लेकरू नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगतो. मराठी शाळेत मराठी प्रथम भाषा, हिंदी द्वितीय आणि इंग्रजी तृतीय. हिंदीचा लेखी पेपर 80 गुणांचा, उरलेले 20 शाळेच्या हातात. या 80 पैकी 26 गुण 'उपयोजित लेखन' नावाच्या भागाला. त्यात पत्र, कथा किंवा वृत्तांत, जाहिरात आणि सगळ्यात शेवटी सात गुणांचा निबंध. आणि जागोजाग एक दयाळू वाक्य: निम्नलिखित में से किसी एक विषय पर लिखिए. पेपरला आता प्रश्नपत्रिका म्हणत नाहीत, कृतिपत्रिका म्हणतात. पोरं मात्र पेपरच म्हणतात.

आता 'किसी एक' वाचून बाहेरच्या माणसाला वाटेल, की पोरगं तीन विषय वाचतं, डोळे मिटतं, या तिन्हींतलं आपल्याला कशाबद्दल बोलावंसं वाटतं याचा विचार करतं आणि मग लिहायला घेतं. आमच्याकडे निवडणुकीत मतदान यंत्रावर पंधरा उमेदवार असतात, पण म्हणून आत गेलेला माणूस तिथे उभा राहून विचार करतो का? तो घरून निघतानाच ठरवून निघालेला असतो. निबंधाचं तेच. निवड जानेवारीत झालेली असते. पंधरा-वीस विषयांतले पाच पाठ करायचे, बाकीचे ऑप्शनला टाकायचे. 'ऑप्शनला टाकणे' हा वाक्प्रचार मराठीला शालान्त परीक्षेने दिला. ज्याला टाकलं त्याचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही. धडा ऑप्शनला टाकतात, कविता ऑप्शनला टाकतात. आमच्या पोराने जत्रा टाकली.

पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात द्यायचे, वाचून निवड करायला. 2023 पासून ती पद्धत बंद झाली. ती दहा मिनिटं आता शेवटी जोडून मिळतात. काही पालक हळहळले, की लेकरांना विचार करायला वेळ राहिला नाही. माझ्या माहितीतल्या एकाही लेकराने तक्रार केली नाही.

पाठ करण्याच्या बाबतीत सगळ्यात लोकप्रिय प्रकार आत्मकथेचा. फाटकं पुस्तक, मोडकी छत्री, जखमी सैनिक, म्हातारा शेतकरी, नदी, झाड, रस्ता. पहिलं वाक्य आपोआप येतं: मैं अमुक हूँ. शेवटचंही आपोआप येतं: मेरी बस यही इच्छा है. मधे जन्म, सुखाचे दिवस, मग माणसाने केलेला छळ. हा साचा इतका पक्का की आमच्या वेळच्या एका सरांनी सांगूनच टाकलं होतं, की एक आत्मकथा नीट पाठ करा आणि विषय बघून नाव बदला. मी 'घायल सैनिक' पाठ केला. 1992 च्या मार्चात पेपर उघडला तर समोर 'फटी पुस्तक की आत्मकथा'.

मी डगमगलो नाही. नाव बदललं. "मैं एक फटी पुस्तक हूँ. मेरा जन्म एक गरीब किसान परिवार में हुआ. बचपन से ही मुझे देश की सेवा करने की इच्छा थी." इथवर ठीक चाललं होतं; पुस्तकालाही देशसेवा करावीशी वाटू शकते. पुढे युद्ध आलं. ते टाळता येईना, कारण त्याच्या मागचा मजकूर त्याला धरूनच पाठ होता. मधली एक कडी काढली की पुढचं सगळं निसटणार. तेव्हा पुस्तक सरहद्दीवर गेलं. "शत्रु की गोलियों से मेरे कई पन्ने फट गए, परंतु मैंने तिरंगा नहीं छोड़ा." शेवटी पुस्तकाला राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळालं. मला हिंदीत 100 पैकी 61 मिळाले. तपासणारा कोण होता देव जाणे, पण वाचताना त्याचेही डोळे पाणावले असावेत.

दुसरा प्रकार कल्पनाप्रधान. 'यदि मैं मुख्यमंत्री होता'. बाकी महाराष्ट्राचं मला माहीत नाही, पण नांदेड-लातूरच्या पोरांना हा विषय कल्पनाप्रधान म्हणून देणं तितकंसं बरोबर नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी दिले, त्यांतले शंकरराव आणि विलासराव तर दोन-दोनदा. आमच्याकडे हा विषय व्यवसाय मार्गदर्शनात मोडतो.

आणि तिसरा विषय, जो जवळपास प्रत्येक गाईडात असतो: 'यदि पानी न होता'.

लातूरला माझी मावसबहीण असते. 2016 च्या मार्चात तिची मुलगी दहावीला होती. त्या वर्षीचं लातूर आठवतं ना? मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांवर आणि टँकरच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने 144 कलम लावलं होतं. माणसं घागरी घेऊन रांगेत, आणि पाचाहून जास्त जमलात तर गुन्हा. पुढे 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर लोक गाडीला हार घालायला गेले होते. पाहुण्यांना स्टेशनवर आणायला जातात हे ठाऊक होतं. पाण्याला आणायला जायची वेळ पहिलीच.

तर त्या मार्चात ही मुलगी सकाळी पाचला उठून बोअरवर घागरींचा नंबर लावायची, परत येऊन अभ्यासाला बसायची आणि पाठ काय करायची? "यदि पानी न होता तो क्या होता? यह कल्पना ही कितनी भयानक है!" बहीण शेजारी भांडी राखेने घासत होती. ती म्हणाली, "अगं, ती कल्पना दारात उभीय, तिला विचारून लिही की." मुलगी म्हणाली, "आई, मधे बोलू नको, लिंक तुटते." गाईडातल्या त्या निबंधात पाणी नसतं तर मासे मेले असते, जहाजं थांबली असती आणि कवींना झऱ्यांवर कविता सुचल्या नसत्या. लातुरात जहाजं थांबली नाहीत, हे खरं आहे.

पत्राचा पर्यायही तसाच. पेपरमध्ये नेहमीची तक्रार असते, की आमच्या मोहल्ल्यात पाणी नियमित येत नाही, संबंधित अधिकाऱ्यांना पत्र लिहा. गाईडातल्या नमुन्यात 'पिछले तीन दिनों से' नळाला पाणी नसतं आणि लिहिणारा हवालदिल झालेला असतो. आठ-दहा दिवसांतून एकदा नळ बघणाऱ्या लातूरकराने हे पत्र वाचलं असतं तर पहिला प्रश्न केला असता: हा मोहल्ला नेमका कुठेय, तिथे भाड्याने खोली मिळेल का?

पत्रलेखनातली माणसं हा एक स्वतंत्र समाज आहे. यातले धाकटे भाऊ जन्मतःच वसतिगृहात राहतात. मोठ्या बहिणी फक्त वक्तृत्व स्पर्धेत पहिला क्रमांक येण्यासाठी असतात. वडील परगावी असतात आणि त्यांना वेळेचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही, ते दुसऱ्यांना पटवतात. पत्र लिहिणाऱ्याचं नाव पेपरमध्येच दिलेलं असतं, मुलगा-मुलगी दोघांची सोय बघून: अशोक तिरकी रेघ आशा. त्यातून एक नाव निवडायचं असतं. पण आमच्याकडे निवडणं अंगात नसल्यामुळे दर वर्षी कित्येक धाकट्या भावांना 'तुम्हारा प्रिय भाई/बहन अशोक/आशा' अशा सहीची पत्रं जातात. आता पत्राच्या मायन्यात ई-मेलचा पत्ताही घालावा लागतो. तोही अशोक आणि आशाचा सामाईक.

भाषेचं तर विचारूच नका. नांदेडच्या पोराला हिंदी येत नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? इतवाऱ्यात जा. तिथे आमचा भाचा रिक्षावाल्याशी, चपलावाल्याशी, मोबाइलचं कव्हर विकणाऱ्याशी जे बोलतो ते ऐका. "क्या भाई, कित्ते कू दिये? नक्को, भोत हुए. मेरेकू कल बीच बोले थे ना." समोरचा हसतो, भाव उतरवतो, चहा सांगतो. हजूर साहिबला आलेल्या पंजाबी यात्रेकरूला हाच पोरगा स्टेशनचा रस्ता हिंदीत समजावून सांगतो आणि सरदारजी बिनचूक स्टेशनलाच पोचतो. हैदराबाद संस्थानाची दोनशे वर्षांची दखनी या मातीत मुरलेली आहे. पण पेपरमध्ये 'नक्को' लिहिलं की लाल गोल. तिथे 'मुझे नहीं चाहिए' लागतं, आणि 'मुझे नहीं चाहिए' म्हणून इतवाऱ्यात आजवर कोणाला एक रुपया कमी झालेला नाही.

म्हणजे जी हिंदी येते ती चालत नाही. मग जी चालते ती आणायची कुठून? थोडी गाईडातून आणि उरलेली मराठीतून. मराठीतून आणली की गंमत सुरू होते, कारण दोन्ही भाषांत शब्द तेच, चेहरा तोच, पण वागणूक वेगळी.

माझा एक मित्र उदगीरकडे हिंदी शिकवतो आणि वर्षानुवर्षं पेपर तपासतो. त्याच्याकडून ऐकलेले मासले देतो. एका पोराने आवडत्या शिक्षकांवर लिहिलं: "गुरुजी ने मुझे दो घंटे धूप में खड़ा करके शिक्षा दी." पोराला आपली शिक्षा म्हणायचं होतं, मराठीतली, अंगठे धरायची. पण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं, रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनासारखी उघड्या आकाशाखालची शाळा असावी. दुसऱ्याने वसतिगृहातल्या भावाला कळवलं: "अगले महीने ताई की शादी है, पिताजी बहुत खुश हैं." हिंदीत ताई म्हणजे थोरली काकू. काका हयात असताना हे लग्न कसं ठरलं आणि त्यात वडिलांना एवढा आनंद कशाचा, असा प्रश्न लखनौच्या कोणत्याही सभ्य माणसाला पडेल. तिसऱ्याने आजीला विचारलं, "आपकी प्रकृति कैसी है?" हिंदीत प्रकृती म्हणजे निसर्ग किंवा स्वभाव, म्हणजे नातू आजीला पत्राने विचारतोय, की अजून तशीच खवट आहेस का? चौथ्याचा मित्र त्याची चेष्टा करतो, आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पाचव्याची नदी 'पुल के खाली' वाहते. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. हे वाक्य मात्र मित्राने लाल केलं नाही. "मे महिन्यात जाऊन बघ," तो म्हणाला, "पूल आहे आणि खाली आहे. पोराने दोन्ही भाषांत खरंच लिहिलंय."

हे सगळं द्वितीय भाषेचं. पण द्वितीय कोणाची? बिलोली, धर्माबाद, देगलूरकडे कित्येक घरांत तेलुगू बोलतात. उदगीरच्या बाजूला कन्नड ऐकू येते. किनवट-माहूरच्या आणि मुखेडच्या तांड्यांवरचं पोरगं घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि मग हिंदीला येतं. त्याची ती खरं तर तिसरी. बोर्डाचा फॉर्म मात्र सगळ्यांना दुसरीच म्हणायला लावतो. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, एप्रिल ते जून केवढा धुरळा उडाला आणि जून संपता संपता निर्णय मागेही घेतला गेला. मुंबई-पुण्याचे लोक तावातावाने बोलत होते. त्या दिवसांत आमच्या चौकातला पानवाला दोन्ही बाजूंच्या लोकांशी दखनीत बोलत होता आणि दोघांनाही पान बांधून देत होता.

आमच्या आजोबांचं प्रकरण आणखी वेगळं. ते निजामाच्या राज्यात शिकले. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत इथली सरकारी भाषा उर्दू, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. घरी मराठी, शाळेत उर्दू. त्यांच्या परीक्षेत निबंध असायचा की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना आठवायची ती दरख्वास्त. अर्ज लिहायला मास्तर रोज बसवायचे, कारण शिकलेल्या माणसाने गावाला उपयोगी पडायचं ते अर्ज लिहून, हा हिशेब. मी दहावीला असताना एकदा त्यांनी माझी पत्रलेखनाची वही बघितली. 'सेवा में, श्रीमान' हे शब्द मोठ्याने वाचले आणि हसले. म्हणाले, "हे तर आमचंच. बखिदमत जनाब. त्याच्या डोक्यावरची टोपी काढली अन् गंध लावलं." मग माझी तक्रार वाचली, नळाच्या पाण्याचीच, आणि विचारलं, "पाणी कधीपासून नाही?"

"आजोबा, पाणी येतं की आपल्याला. हे पेपरपुरतं आहे."

"मग आलं तर कशाला लिहितोस?"

"सर म्हणले लिहा."

त्यांनी वही मिटून परत दिली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी गावासाठी शे-दीडशे अर्ज लिहिले असतील, फेरफाराचे, विहिरीचे, तगाईचे. त्यातला एकही पेपरपुरता नव्हता. पण आजोबांना कधी 'किसी एक' म्हणून कोणी विचारलंही नव्हतं, हेही आहे. तहसीलदाराकडे एकच विषय घेऊन जाता येतो.

आमच्या वेळी पाठ न करताही एक मार्ग होता. त्याचं नाव मी घेत नाही, पण तो मोज्यातून निघायचा. केंद्राच्या खिडकीखाली नातेवाईकांची जत्रा असायची आणि त्यात मामांचा भरणा जास्त. 2010 च्या सुमाराला नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली आणि हे सगळं मोडून काढलं. पुढे तिला नांदेड पॅटर्न म्हणायला लागले. लातूर पॅटर्न त्याच्या आधीचा, तो गुणवत्ता यादीचा. आमच्या या दोन जिल्ह्यांना पॅटर्नचं वावडं नाही. कॉपी थांबली हे उत्तमच झालं, त्याबद्दल दुमत नाही. फक्त एक झालं, की गाईड मोज्यातून निघालं ते थेट डोक्यात गेलं. भरारी पथक तिथवर पोचत नाही.

जाहिरातीचा प्रश्न त्यातल्या त्यात जिवंत. 'योगासन वर्गाची जाहिरात तयार करा' म्हटलं की पोरं खुलतात, कारण चौकट काढायची असते. पट्टी, पेन्सिल, कोपऱ्यात फूल. पाच गुणांच्या प्रश्नाला पंचवीस मिनिटं चौकटीत जातात. मजकुराला मात्र लातूरची हवा लागलेली असते. क्लासच्या फलकांखालून रोज शाळेत जाणारं लेकरू. त्याला जाहिरात म्हटलं की एकच रूप ठाऊक. माझ्या मित्राने वाचलेल्या एका योगवर्गाच्या जाहिरातीत होतं: "गत वर्ष का निकाल 100%. पद्मासन में राज्य में प्रथम. मर्यादित जागाएँ. आज ही प्रवेश निश्चित करें." मित्राने 'निकाल' आणि 'जागाएँ' खाली रेघ मारली आणि पाचपैकी साडेतीन दिले. अर्धा गुण, म्हणाला, पद्मासनाला.

त्याला मी आमच्या भाच्याची गोष्ट सांगितली. विचारलं, की समजा पोराने माळेगाव लिहिलं असतं, मोडक्यातोडक्या हिंदीत, घोड्याच्या दातांसकट, तर तू किती दिले असतेस? तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खरं सांगू? एका गठ्ठ्यात शंभर नद्या वाचल्यावर एक गाढव आलं असतं ना, तर मी उठून बायकोला वाचून दाखवलं असतं."

"अन् गुण?"

"गुण काय, व्याकरणाचे कापावेच लागतात. पाच. नदीला सहा जातात."

म्हणजे पोराचा हिशेब चुकला नव्हता. चूक माझीच होती, की मी त्याला चूक म्हणत होतो.

निकाल लागला. भाच्याला हिंदीत चांगले गुण पडले. निबंधाला नेमके किती, ते गुणपत्रिकेवर नसतं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, एका विषयाचे 400 रुपये पडतात. मला फार उत्सुकता होती, पैसे मी भरतो म्हणालो. हिमालयातून नांदेडला आलेली ती नदी एकदा डोळ्यांनी बघायची होती. भाचा म्हणाला, "राहू दे मामा, झालं ते झालं," आणि अकरावीला लातूरला निघून गेला.

यात्रेला मात्र आला. माळेगाव नांदेड आणि लातूरच्या मधेच पडतं, तो तिकडून एसटीने आला, मी इकडून. गाढवांच्या बाजारात उभं राहून त्याने लातूरच्या खोलीतल्या सोबत्याला फोन लावला. सोबती बिदरचा, त्याला मराठी जेमतेम. भाचा सुरू झाला. "अरे भाई, तू आना था रे. इधर एक गधा है, उसका मालिक बोलरा के ये घोडे से जादा शाना है. नै, सच्ची. दो आदमी कपडे के अंदर हाथ डालके भाव करलेरे, किसकू कुछ नै दिखरा..." मागे हलगी वाजत होती, अंगावर भंडारा पडत होता, त्याला त्याचं भान नव्हतं. मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं, एकदाही अडखळला नाही, आणि तिकडचा सोबती मधूनमधून एवढ्या मोठ्याने हसत होता की मला ऐकू येत होतं.

ते 400 रुपये तिथेच भजी, उसाचा रस आणि घोड्याच्या गळ्यातली एक घुंगरमाळ यांत गेले. घोडा घेतला नाही. घुंगरमाळ सध्या लातूरला त्याच्या खोलीच्या दाराला टांगलेली आहे.